गैरहजर जोडी बाद

५ जानेवारी

उद्यापासून क्लबाची जोडीस्पर्धा. ब्रिज हा डोकं असलेल्यांचा खेळ आहे आणि आमच्या क्लबात डोकी भरपूर असली तरी आतला माल शोधावा लागतो. माझा भिडू दातवाला. आयुष्यभर लोकांचे दात उपटले, आता माझ्यासमोर बसून चुकीची उतारी करतो. तरी बाकीच्यांपेक्षा बरा, म्हणून मी त्याला सांभाळून घेतो.

सचिव म्हणून यंदा मी नियम कडक केलाय. रोज हजर राहायचं, एक दिवस जरी कुणी आला नाही तर जोडी बाद. फलकावर मीच मोठ्या अक्षरांत लिहिलं. गेल्या वर्षी लोकांनी सर्दीपासून साडूच्या लग्नापर्यंत वाट्टेल त्या सबबी सांगितल्या होत्या. मी जन्मभर विमा कंपनीत दावे तपासले. समोरचा थापा मारतोय हे मला तो खुर्ची कशी ओढतो त्यावरून कळतं. माझ्यापुढे सबबी चालत नाहीत.

दुपारी नातीला शाळेतून लवकर घरी पाठवलं. मांडीवर घेतली, तर बयेने माझ्या सदऱ्यावर, कोचावर, सगळीकडे भडाभडा ओकून ठेवलं. मी रुमालाने पुसलं आणि चहा घेत बसलो. सूनबाई कामावरून आली ती थेट हातमोजे घालून, बादलीत ब्लीचिंगचं पाणी घेऊन. "अप्पा, आधी कपडे बदला, साबणाने हात धुवा, नीट घासून." ती नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत आहे, त्यामुळे तिला घरभर जंतूच दिसतात. मी म्हटलं, "अगं, पोर ओकलंय, बॉम्ब नाही फुटला." तिला विनोद कळत नाही. मी नळाखाली बोटं ओली करून आलो, तिचंही समाधान झालं.

६ जानेवारी

पहिला दिवस जिंकलो! वकिलाच्या जोडीला असं पाणी पाजलं की तो चष्मा पुसत बसला. पत्ते वाटायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे. माझ्यासारखं वाटणारा क्लबात दुसरा नाही. अंगठा जिभेला लावला की पत्ता कसा लोण्यातून निघाल्यासारखा सुटतो. बाकीचेही जिभेला बोट लावतात, पण त्यांचे दोन-दोन पत्ते एकदम येतात.

मधल्या सुट्टीत मावशीकडचं अंड्याचं सँडविच खाल्लं. मावशी म्हणजे आमची कँटीनवाली. माझ्याहून वयाने लहान, पण सगळा क्लब तिला मावशीच म्हणतो. कँटीनच्या मागच्या खोलीत ती आणि तिची अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई राहतात. कँटीन चालवते तोवर खोली तिची, असा करार आहे. सँडविचमध्ये मिरपूड जास्त होती. तसं तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "बरं साहेब." एवढंच. हिला कधी वाद घालता येत नाही, ही एक खोट आहे तिच्यात.

७ जानेवारी

पहाटेपासून पोटाचा नुसता बाजार उठलाय. दोनदा ओकलो, बाकीचं लिहीत नाही. कारण स्पष्ट आहे. कालचं सँडविच. मिरपुडीने वास झाकला होता, दुसरं काय!

आमची ही म्हणाली, "आज घरीच पडा." मी म्हटलं, "आणि जोडी बाद करू? माझाच नियम मीच मोडू?" दोन गोळ्या घेतल्या, मफलर गुंडाळला आणि गेलो. डावाच्या मधेमधे उठावं लागलं. संडासातला साबण संपलेला होता. पण मी गेल्या महिन्यात कमिटीकडून भांडून हात चोळायच्या जेलची बाटली आणवली आहे. दोन थेंब चोळले की काम झालं. अशी दूरदृष्टी बाकी कोणाला आहे?

आज जोड्या टेबलं बदलत खेळल्या, म्हणजे सगळ्यांशी एकेक डाव झाला. पत्ते सगळीकडे मीच वाटले. पोटात कळा येत असतानाही जिंकलो. दातवाला म्हणाला, "अप्पा, तुझा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडलाय." मी म्हटलं, "तू तुझे पत्ते बघ."

९ जानेवारी

मी आता ठणठणीत. पण आज क्लबात वकिलाने कमाल केली. बोली चालू असताना एकदम उभा राहिला, तोंडावर हात धरला आणि दार गाठायच्या आत टेबलाशेजारीच सगळं बाहेर. पंख्याखाली! दोघांच्या विजारीवर उडालं. आता कोर्टात आयुष्य घालवलेल्या माणसाला एवढं कळू नये की उठायचं कधी?

वर्तमानपत्र टाकलं, त्यावर पावडर शिंपडली, टेबल हातभर बाजूला सरकवलं. कुणीतरी म्हणालं, आज थांबूया. मी विचारलं, "थांबायचा नियम कुठाय?" वकील तोंड धुऊन परत आला आणि खेळायला बसला. त्याच्याबद्दल मला पहिल्यांदा थोडा आदर वाटला. मावशीने फरशी पुसली. तिला मी सांगितलं की फडकं आधी जेलमध्ये बुडवायचं, पण तिने ऐकलं नाही, ब्लीचिंगचं पाणी टाकत बसली. नुसता वास सुटला.

१० जानेवारी

निम्मा क्लब आडवा. म्हणजे आडवा पडायला हवा होता, पण सगळे हजर, कारण फलक समोर टांगलाय. एकेकाचे चेहरे बघण्यासारखे होते. हातात पत्ते, कपाळावर घाम, नजर संडासाच्या दाराकडे. अध्यक्ष तर राजा-राणी हातात धरून पळाले. परत येऊन तेच पत्ते खेळले, हे मात्र शिस्तीला धरून झालं.

मी चौकशी हातात घेतली. अशा प्रकरणात एकच प्रश्न विचारायचा असतो. सगळे आजारी पडले तेव्हा कोण पडलं नाही? उत्तर मिळायला दोन मिनिटं लागली. मावशी! तिला काहीच झालेलं नाही.

तिला बोलावलं. म्हटलं, "तू कशी काय बरी?"

"मी काय सांगू साहेब? देवाची कृपा."

"तुझं तू बनवलेलं खात नाहीस, म्हणून बरी. खरं की नाही?"

"मला खायला वेळ कुठे होतो? आईचं उरलेलं खाते."

बघा! स्वतःच्याच तोंडाने कबूल केलं. असे दावे मी चहाचा कप संपायच्या आत निकालात काढत असे. तिचे डोळे पाण्याने भरले. डोळ्यांतल्या पाण्यावर मी आजवर एक पैसाही मंजूर केलेला नाही.

१२ जानेवारी

जेवताना सूनबाईने प्रवचन दिलं. मी चुकून क्लबातली गंमत सांगितली आणि तिने भाताचा घास तसाच ठेवला.

म्हणे, हा पोटाचा विषाणू आहे, हिवाळ्यात फार पसरतो. इतका चिवट की अगदी चिमूटभरसुद्धा लागत नाही, डोळ्याला दिसणार नाही एवढा थोडा पोटात गेला तरी पुरतो. आजारी माणूस ओकला की हवेत बारीक थेंब उडतात, ते आजूबाजूच्या टेबलाखुर्च्यांवर बसतात. दाराच्या मुठीवर, कपावर, कशावरही तो दिवसच्या दिवस जिवंत राहतो. आणि माणूस बरा झाला, हिंडायला लागला, तरी त्याच्या पोटातून पुढे कितीतरी दिवस बाहेर पडतच असतो.

"आणि जेल?" मी मुद्दाम विचारलं.

"त्याने तो नीट मरत नाही अप्पा. साबण आणि वाहतं पाणीच लागतं, चांगलं चोळून. आणि पुसायला ब्लीचिंग."

म्हणजे मी कमिटीशी भांडून आणलेली बाटली फुकट! विज्ञानाला नेमकं माझंच काम वाईट कसं सापडतं, ते मला कळत नाही.

मग तिने विचारलं, "क्लबात सगळ्यात आधी कोण आजारी पडलं?"

"वकील," मी म्हटलं.

ही मधेच म्हणाली, "आणि त्याच्या दोन दिवस आधी तुम्ही."

"माझं खाण्यातलं होतं. त्याचा इथे काही संबंध नाही."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. या घरात सासू-सुनेचं भांडण होत नाही, याचा मला कधीकधी फार त्रास होतो.

१४ जानेवारी

कमिटीची बैठक. मी मुद्देसूद बोललो. अन्न कँटीनचं, आजार पोटाचा, कँटीनवाली ठणठणीत. आणखी काय पुरावा हवा?

मावशीला आत बोलावलं. हात पदरात गुंडाळून उभी राहिली. म्हणाली, "कँटीन काढून घ्या, पण खोलीत राहू द्या. आईला उचलून कुठे नेऊ? ती कूस बदलायलाही मला हाक मारते." अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "करारात कँटीन आणि खोली एकत्र आहेत." करार मीच लिहिला होता, मला तोंडपाठ आहे.

मग दातवाला उठला. माझा भिडू! म्हणाला, "मी कँटीनचं काहीच खात नाही. माझा डबा घरून येतो, पाणीही घरचं. मग मला का झालं?" मी म्हटलं, "तू कुणाचा तरी चहा घोटभर घेतला असशील आणि विसरला असशील. तू उतारीसुद्धा विसरतोस." सगळे हसले. तो हसला नाही.

हात वर करायची वेळ आली तेव्हा त्याचा एकट्याचा हात खाली राहिला. मला संताप आला. इतकी वर्षं समोरासमोर बसतो, आणि ऐन वेळी माझ्याविरुद्ध? घरी येताना मी त्याच्याशी बोललो नाही, त्यानेही बोलायचा प्रयत्न केला नाही.

१८ जानेवारी

आरोग्य खात्याची माणसं येऊन कँटीनमधले नमुने घेऊन गेली होती. आज निकाल आला. अंडी, पाणी, ओटा, मावशीचे हात, काही म्हणजे काही सापडलं नाही. अध्यक्ष घाबरून म्हणाले, "अप्पा, आपण घाई केली का?" असल्या माणसाला अध्यक्ष केलं ही आमची चूक. मी समजावलं की गुन्हेगार पुरावा पुसून ठेवतोच. तिला ब्लीचिंगचा केवढा सोस आहे, ते मी स्वतः पाहिलंय.

दुपारी मावशीने खोली रिकामी केली. बहिणीच्या घरी जिन्याखाली जागा मिळाली म्हणे. टेम्पोत एक खाट, दोन पेट्या आणि गाद्यांवर तिची आई. म्हातारी माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं मी निरोप द्यायला आलोय. मी सचिव म्हणून कुलूप लावायला उभा होतो, तरी हात हलवला. काय करणार, म्हातारं माणूस.

२२ जानेवारी

आता क्लबात कुणी काही शिजवत नाही. ज्याने त्याने आपापली बाटली आणायची, बिस्किटंसुद्धा घरून. हा आदेश मी काढला. चार दिवस शांततेत गेले आणि काल परत सुरू! जे आधी वाचले होते तेच आता पडले. दातवाला आधीच अशक्त झाला होता, त्याला दुसऱ्यांदा लागलं. संडासाबाहेर चक्कर येऊन पडला. दवाखान्यात नेलं, सलाईन लावलंय. डॉक्टर म्हणाले, या वयात अंगातलं पाणी गेलं की माणूस हातातून जायला वेळ लागत नाही.

मी संध्याकाळी भेटायला गेलो. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण गेलो. सुकून इतकासा झाला होता. ओठ फुटलेले. मी म्हटलं, "घाबरू नकोस, तुझी गैरहजेरी मी धरणार नाही." एवढी सवलत मी कुणाला देत नाही.

तो डोळे मिटूनच म्हणाला, "अप्पा, कँटीन बंद आहे. आता कोणाला काढणार?"

मी म्हटलं, "तू पाणी पी." त्याच्या चादरीचं टोक नीट केलं आणि निघालो. रस्त्यात दोनदा वळण चुकलो. मला त्याचा फार राग आला आहे आणि तो मरू नये असंही फार वाटतंय.

२४ जानेवारी

सूनबाई आज क्लबात आली. खात्याने पाठवलं होतं, म्हणजे सरकारी कामाने, त्यामुळे मला घरच्यासारखं बोलता येईना. वकील, अध्यक्ष, उरलेसुरले सगळे बसले. ती म्हणाली, "तुम्ही रोज जे करता तेच करून दाखवा. जसंच्या तसं."

मी पत्ते पिसले, अंगठा जिभेला लावला आणि वाटले. सगळ्यांनी उचलले, जिभेला बोट लावून लावून पत्त्यांचा पंखा केला. एक डाव झाला. पत्ते गोळा करून वकिलाने पिसले, थुंकी लावून वाटले. ती नुसती बघत होती.

"हे पत्त्यांचे कॅट कधीपासून वापरताय?"

"स्पर्धेचे आहेत," मी अभिमानाने सांगितलं. "पहिल्या दिवसापासून तेच. मधे बदलायचे नाहीत असा नियम आहे."

तिने हातमोजे घातले, सगळे कॅट पिशवीत भरले आणि पिशवीला गाठ मारली. मग हळू आवाजात म्हणाली, "अप्पा, सात तारखेला पत्ते कोणी वाटले होते?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "पत्त्यांनी माणूस हरतो, आजारी पडत नाही." कुणी हसलं नाही. वकील, जो माझ्या प्रत्येक विनोदाला हसतो कारण त्याला कमिटीत यायचंय, तोसुद्धा नाही. मला त्या क्षणी फार एकटं वाटलं. मग मी उठून संडासातला साबण बघायला गेलो. अजूनही संपलेलाच होता. आणायचं काम सचिवाचं आहे.

तिने स्पर्धा थांबवली. फलकावरचा नियम तिने पुसायला सांगितला आणि ज्याला उलटी-जुलाब झालेत त्याने बरं झाल्यावरही निदान दोन दिवस पाऊल ठेवायचं नाही, असं लिहायला लावलं. मी माझ्या अक्षरात ते लिहिलं. खडू दोनदा मोडला. हल्लीचे खडू फार वाईट येतात.

२७ जानेवारी

दातवाल्याला घरी सोडलं. त्याच्या बायकोने दारातच सांगितलं, अजून भेटायला येऊ नका. ठीक आहे.

कमिटीने एकमताने ठरवलं की मावशीला परत बोलवायचं, कँटीन आणि खोली दोन्ही देऊन. एकमत! हेच लोक परवा हात वर करून बसले होते. बोलवायला जायचं कुणी, तर सचिवाने. एरवी मी वाद घातला असता, आज घातला नाही. साबणाच्या वड्या विकत घेतल्या, संडासात ठेवल्या, खोलीची किल्ली खिशात टाकली आणि गेलो.

बहिणीचं घर म्हणजे अरुंद जिना आणि त्याच्याखाली पडदा. पडद्याआड खाट अशी बसवलेली की म्हातारीचे पाय बाहेर येत होते. मावशी पडदा सारून बाहेर आली आणि मधेच उभी राहिली. मला आत ये म्हणाली नाही. बसायला दिलं नाही. ती बाई, जी कुत्र्यालासुद्धा बस म्हणते!

मी म्हटलं, "मावशी, नमुन्यात काही निघालं नाही. कमिटीचं म्हणणं आहे की तू परत यावंस. ही घे किल्ली."

मी किल्ली पुढे केली. तिने हात पदरातून बाहेर काढला नाही.

"दातवाले साहेब कसे आहेत?"

"घरी आले. बरे आहेत."

"आणि बाकीचे?"

"अधूनमधून कुणीतरी पडतंय. पण आता आम्ही काळजी घेतो."

जिना इतका खाली आला होता की ती वाकूनच उभी होती. तिला ती खोली किती हवी होती, ते कुणालाही दिसलं असतं.

मग म्हणाली, "साहेब, राग मानू नका. तिकडे अजून आजार आहे. आईच्या अंगात काही राहिलं नाही, तिला एक जुलाब सोसायचा नाही. तुम्ही सगळे पूर्ण बरे झालात की निरोप पाठवा, तेव्हा येईन." आणि पडद्याकडे बघत हळूच म्हणाली, "तुम्हीसुद्धा पडद्याच्या फार जवळ उभे राहू नका, तिकडूनच आलात."

आतून म्हातारीने विचारलं, "कोण आलंय गं?"

"कुणी नाही," मावशी म्हणाली.

मी दोन पावलं मागे सरलो. किल्ली परत खिशात टाकली.

क्लबात आलो तर अध्यक्ष दारातच वाट बघत होते. मी सांगितलं, ती आत्ता येत नाही. त्यांनी विचारलं, का? मी म्हटलं, बाईमाणसाचं काय, भाव खातेय. ते मान हलवून आत गेले. मग मी हात धुतले, बराच वेळ.